रोशाच्या भट्टीवरचे नाना

सुपडू नाना तेल कधीच लगेच हुंगत नसत. कागदाच्या बोटभर पट्टीवर तेलाचा एक थेंब टाकायचा, पट्टी डोक्यावरच्या टोपीच्या घडीत खोचायची आणि मग गप्पांना बसायचं. कोणाच्या कपाशीला बोंडं कशी लागलीत, शिरपूरच्या बाजारात मिरची कशी होती, सकाळची एस.टी. कुठे बंद पडली. मधे भाकरी, वांग्याचं भरीत नाहीतर ठेचा, वर ताक. दुपार कलली की टोपीतून पट्टी काढायची, डोळे मिटायचे आणि एकदाच, अगदी हळू, नाकाखालून न्यायची. कधी कधी त्यांच्या टोपीत एका वेळी चार-चार पट्ट्या असत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा एस.टी.ची तिकिटं जपून ठेवतोय.

"पयला वास पाव्हनासाठे ऱ्हास, ताई," ते म्हणायचे. "नटीथटीसन येस. तेल खरं कसं शे, ते दुपारले कळस."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी जळगावच्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. केमिस्ट म्हटलं की लोकांना फार मोठं काही वाटतं. एक टेबल, एक स्टोव्ह, काचेची चार भांडी आणि तेलातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजणारं एक यंत्र, एवढीच माझी प्रयोगशाळा. त्या यंत्राचा मला इतका अभिमान होता की ते मी कोणाला पुसूही देत नसे. कारखान्यात सांधेदुखीचं तेल, बाम आणि साबणात घालायचे वास तयार व्हायचे, आणि या सगळ्याला लागायचं रोशाचं तेल. रोशा म्हणजे सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्यात कमरेच्या वर वाढणारं गवत. त्याच्या तुऱ्यांना गुलाबाच्या जवळ जाणारा वास असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे लालसर झाले की गवत कापायचं आणि ओढ्याकाठच्या भट्टीवर त्याचं तेल काढायचं, हा शिरपूरच्या वरच्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. व्यापाऱ्यांकडून येणारं तेल आमच्या शेठजींना पटेना. कोणी त्यात रॉकेल घाली, कोणी टर्पेंटाइन. "कुमुदताई, तुम्ही थेट भट्टीवरच जा," शेठजी म्हणाले, आणि मी चोपड्यावरून शिरपूर, शिरपूरहून पुढे जीपच्या मागच्या फळीवर बसून नानांच्या ओढ्याकाठी पोचले.

नाना तेव्हा साठीला आलेले. उंच, काटक, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पांढऱ्या भुवया धुरानं पिवळट झालेल्या. त्यांच्या भट्टीवर एक भला मोठा लोखंडी हंडा होता. त्यावर लाकडी झाकण, झाकणाच्या फटींना उडदाच्या पिठाचा लेप, झाकणातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या टोकाला ओढ्याच्या पाण्यात मानेपर्यंत बसवलेला तांब्याचा घडा. गवतातून निघालेली वाफ या घड्यात थंड व्हायची, आणि पाण्यावर जो तवंग धरायचा ते तेल. मी हे सगळं पाहिलं आणि नाना पाण्याचा तांब्या आणेपर्यंतही मला धीर धरवला नाही. उभ्या उभ्या व्याख्यान सुरू केलं. गवत पाण्यात उकळलं की ते तळाला लागतं, करपतं, तेल काळवंडतं, त्याला जळका वास येतो. म्हणून गवत पाण्यात बुडवू नये, नुसत्या वाफेवर ठेवावं. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला त्याची आकृतीही काढता येत होती.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग रिकाम्या हंड्याचं झाकण सरकवलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत, पाण्याच्या चार बोटं वर, बांबूची विणलेली ताटी घट्ट बसवलेली होती. गवत रचायचं ते त्या ताटीवर.

"हाई ताटी मन्हा बापनी बसाडेल शे," नाना म्हणाले. "तुम्हना पुस्तकमा त्यान्हं नाव शे का?"

माझी चांगलीच जिरली. नानांच्या पत्नी, ज्यांना सगळे यशोदाअक्का म्हणत, चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला भाकरीवर दुप्पट लोणी वाढलं, ते बहुधा माझी कीव येऊन.

त्यानंतर दर हंगामात मी तीन-चार वेळा तरी तिथे जाऊ लागले. आजूबाजूला आणखी भट्ट्या होत्या. गवत तेच, ओढाही तोच, पण तेलात जमीन-अस्मानाचा फरक. कोणी घाईनं हंडा लवकर उतरवी, मग अर्धं तेल गवतातच राहून जाई. कोणी शेवटच्या थेंबाच्या लोभानं रेटत राही, आणि ताटी नसलेल्या हंड्यात गवत तळाला चिकटून सगळा घडा करपट होई. नाना हंड्याला कान लावून बसत. आतल्या वाफेचा आवाज बारीक झाला की ते लाकडं मागे ओढत. "आगना लाड नही कराना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवं तेल ते आठ-दहा दिवस फडक्यानं झाकून तसंच ठेवत, म्हणजे त्याच्या अंगचा भट्टीचा वास उडून जाई. व्यापारी घाई करायला लागला तर म्हणत, "बाळंतीन शे ती. आत्तेच कामले लावशात का?"

तांब्याच्या घड्याला ते दर वर्षी कल्हई करून घेत. एकदा नेहमीचा कल्हईवाला आला नाही, म्हणून धुळ्याहून दुसरा एकजण आला. त्यानं घडा असा चकचकीत करून दिला की त्यात तोंड दिसावं. नानांनी धोतराचं टोक घेतलं आणि आतून घासलं. कापडावर राखाडी डाग उमटला. कथलात शिसं मिसळलेलं होतं. कल्हईवाला शपथा घ्यायला लागला, नाना शांतपणे ऐकत राहिले आणि त्याला घडा पुन्हा पहिल्यापासून करायला बसवलं. "तेल घडामा उतरस ना, तसा घडाबी तेलमा उतरस," ते मला म्हणाले. मी परत आल्यावर हे वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलं. कॉलेजात तीन वर्षांत मला कोणी हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

शेठजींचा एक मित्र एकदा गुजरातेतून बाटली घेऊन आला. वाफ नको, भट्टी नको, गवत पेट्रोलसारख्या द्रावकात भिजवायचं आणि मग तो द्रावक उडवून टाकायचा, अशी त्याची पद्धत. त्यानं माल दीडपट निघतो म्हणे. शेठजी लगेच खुलले. मी ती बाटली नानांकडे घेऊन गेले. थेंब, पट्टी, टोपी, भाकरी, सगळं यथासांग झालं. दुपारी पट्टी काढली तर तिच्यावर हिरवट, मेणचट वर्तुळ तसंच्या तसं.

"आमनं तेल उडी जास, मांगे काहीच ठेवत नही," नाना म्हणाले. "हाई तं आपलं घरदार ठेवी गयं."

बरोबर होतं त्यांचं. वाफ गवतातलं उडणारं तेवढंच उचलून आणते. द्रावक हाती लागेल ते ओढतो, मेणही आणि रंगही, आणि पुरता उडवला नाही तर स्वतःही थोडा मागे राहतो. मी जळगावला येऊन तपासलं तर त्या मालात द्रावक शिल्लक होताच. नानांनी मात्र त्या माणसाला नावं ठेवली नाहीत. "अगरबत्तीले चाली जाई ते," एवढंच म्हणाले. "मानसना आंगले नही." अंगाला लागणाऱ्या गोष्टीबद्दल ते फार हट्टी होते. गावातली कोणी बाई लेकराच्या छातीला चोळायला तेल मागायला आली तर तिच्यासमोर थेंबभर तेल वाटीभर तिळाच्या तेलात घालून, ढवळून, मगच देत. नुसतं रोशाचं तेल त्यांच्या हातून कोणाच्या घरी गेल्याचं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षापासून ते मला अगंतुगं करायला लागले. ओळख करून देताना म्हणायचे, "हाई मन्ही ल्याबवाली आंडेर." आंडेर म्हणजे मुलगी. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या भटू, तिशीचा, दोन लेकरांचा बाप, तो त्यांच्या हाताखाली भट्टीवर असायचा. मला वडील लहानपणीच गेले होते, आणि जीपमधून उतरून ओढ्याच्या वाटेला लागले की मला कोणीतरी वाट पाहत असल्यासारखं वाटायचं. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं.

सहाव्या हंगामाच्या आधी, पोळ्याच्या सुमारास नानांना ताप आला. पडसं, खोकला, पंधरा दिवस अंथरुणावर. दसऱ्यानंतर मी गेले तेव्हा ते उठून भट्टीवर बसले होते, वाळलेले पण हसतमुख. टोपीत पट्ट्या होत्या. दुपारी एकेक काढून ते म्हणाले, "झकास." दुसरी, झकास. तिसरी, झकास. खरं तर इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाना स्वतःच्या तेलाला आजवर एकदाही झकास म्हणाले नव्हते. काहीतरी खोड काढायचेच. पण मी खूश झाले. मला त्या तेलात काहीसं उग्र वाटलं होतं, पण चहूकडे कपाशीवर फवारणी चाललेली, सगळ्या हवेलाच तो वास. मी माझ्या नाकाला गप्प बसवलं. नाना म्हणतात म्हणजे झालं.

जळगावला येऊन मी माझ्या लाडक्या यंत्रावर तेल तपासलं. प्रकाश वाकायचा तेवढाच वाकला. घनता ठीक, अल्कोहोलमध्ये विरघळलं, सगळं पास. भट्टीवरच्या डब्यांमधलं तेल कारखान्याच्या सात लहान पिंपांत ओतलं गेलं. आणि दर वर्षीप्रमाणे मी एक छोटी बाटली आईच्या गुडघ्यांसाठी घरी नेली, नानांसारखीच तिळाच्या तेलात मिसळून लावायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे दोन्ही गुडघे लालभडक झालेले, कातडीवर बारीक फोड, आणि तिला मळमळत होतं. डोकं जड झालंय म्हणाली. मी साबणानं पाय धुतले, डॉक्टरांकडे नेलं, आणि परत येऊन स्वयंपाकघरात ती बाटली उघडली. तिथे फोडणीचा वास होता, उदबत्तीचा होता, आजूबाजूला कपाशीचं शेत नव्हतं. गुलाबाच्या मागे तो वास स्वच्छ उभा होता. भडगावला मामांच्या शेतात फवारणीच्या दिवसांत यायचा, तोच. आई दोन दिवसांत बरी झाली, पण कारखान्यात त्या तेलाची सात पिंपं होती आणि आठवड्याभरात ती बाटल्यांत भरली जाणार होती.

मी शेठजींना एवढंच सांगितलं की या खेपेच्या तेलाबद्दल मला शंका आहे, काम थांबवा, आणि मिळेल त्या गाडीनं भट्टीवर गेले. आईचं सांगून विचारल्यावर भटूनं काही लपवलं नाही. यंदा गवत भरपूर, डबे कमी पडले. म्हणून त्यानं कपाशीच्या औषधाचे रिकामे डबे वापरले होते.

"राख लायीसन तीन येळा धुयात ना, ताई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आम्ही तं त्यामा पेवानं पानी भरतस."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे कपाशीच्या मुलखात औषधाचा रिकामा डबा कोणी फेकत नसे. राखेनं घासला की तो पाण्याचा होई, धान्याचा होई, कधी दुधाचाही होई. पण ते औषध तेलकट असतं. पाण्यानं धुतलेला डबा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, आणि त्यात रोशाचं तेल ओतलं की ते पत्र्याच्या सांध्यांत बसलेलं सगळं बाहेर ओढून घेतं. घड्याबद्दलचं नानांचं वाक्य भटूच्या घरातच बोललं गेलं होतं, पण घडा आणि डबा एकच, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मी नानांकडे वळले. "पण नाना, तुम्ही तर हुंगलं होतं ना?" मी अगदी साधेपणानं विचारलं. मला अजूनही काही कळलेलं नव्हतं.

अक्कांनी हातातली परात खाली ठेवली. नानांनी भटूला लाकडं आणायला पाठवलं. मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाले, "पहिले सांग, मायले कसं शे?"

मी सांगितलं की आई बरी आहे.

"ताई, मन्हं नाक गयं," ते म्हणाले. "पोयाले ताप उना ना, तवयपशी काहीच येत नही. ना गवतना, ना धुरना, ना भाकरना."

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "रोज माले इचारतस, भाजी लागनी का म्हनीसन. ताईले सांगा म्हने मी, तं नको म्हनेत."

"कोनले सांगू नको, माय," नाना म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मला ते बघवेना. "लोके मन्हं तेल लेतस ते मन्हा नाकवर. नाक नही तं सुपडू कोन?"

मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि शब्द दिला. कोणाला सांगणार नाही. आणि शब्द पाळायची युक्तीही येतानाच्या गाडीत शोधून काढली. शेठजी म्हणणारच होते की नानांना बोलवा, कोणत्या पिंपात खराब तेल आहे ते तेच सांगतील. तसंच झालं. मी आधीच सातही पिंपांतलं तेल पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. दोन पिंपं नक्की खराब होती. तिसऱ्याबद्दल माझं नाक कधी हो म्हणे, कधी नाही. नानांना मी निरोपात कळवलं, मी खराब पिंपांना टेकून उभी राहीन, तुम्ही त्यांचंच नाव घ्या.

नाना आले ते धुतलेलं धोतर नेसून, अक्कांना बरोबर घेऊन. शेठजी, मॅनेजर, बाटल्या भरणाऱ्या बायका, सगळे गोळा झाले होते. सात पट्ट्या टोपीत खोचल्या गेल्या. चहा झाला. शेठजींनी विमानाच्या गप्पा काढल्या, नानांनी कपाशीच्या. मी ठरल्याप्रमाणे दोन पिंपांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझी नजर राहून राहून तिसऱ्या पिंपाकडे जात होती. ते चांगलं की वाईट? नाना चांगलं म्हणतील, आणि मग ते चांगलं ठरेल. सुटलो, असंही मला वाटत होतं. हे मी आज कबूल करते.

दुपारी नानांनी टोपी काढली आणि पट्ट्या एकेक करून टेबलावर ओळीनं मांडल्या. एकही नाकाजवळ नेली नाही.

"शेठ," ते म्हणाले, "माले वास येत नही. दोन महिना व्हई गयात. हाई तेल मी न हुंगता झकास म्हनं. भटूले काही म्हनू नका, चूक मन्ही शे."

एका बाईच्या हातातून बाटलीचं बूच खाली पडलं, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. नाना उघड्या डोक्यानं उभे होते. मी त्यांना उघड्या डोक्याचं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पट्ट्या गोळा करून माझ्या हातात दिल्या.

"ताईनं नाक चांगलं शे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फक्त ती त्यान्हावर भरोसा करत नही."

मी सगळ्यांदेखत रडले आणि रडून झाल्यावर हुंगलं. तिसरं पिंपही खराब होतं. यावेळी मला शंका आली नाही, कारण आता ज्याच्या मागे लपावं असं कोणी नव्हतं. ती तीन पिंपं कारखान्याबाहेर गेलीच नाहीत.

एस.टी. स्टँडवर मी नानांना विचारलं, मी तर ठरल्याप्रमाणे उभी होते, मग असं का केलंत? नाना शेंगदाणे सोलत होते. "तू तिसराकडे दखी ऱ्हायंती," ते म्हणाले. "मी झकास म्हनी देतो, तं तू गप ऱ्हाती. मंग ते कोनानी मायना गुडघाले लागतं?" आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

त्यानंतर नानांची ओळख बदलली. व्यापारी येईनासे झाले. शेजारच्या भट्टीवाल्यांनी टिंगल केली, नाकाविना तेली म्हणाले. शेठजींनी मात्र तेल घेणं थांबवलं नाही, फक्त मी हुंगल्याशिवाय डबा हलायचा नाही असं ठरवलं. मला ते आवडलं. भट्टी भटूकडे गेली आणि तिथे तेल पारखायला बसल्या यशोदाअक्का. अक्कांना पट्टी लागत नसे, टोपी लागत नसे. बोट बुडवून नाकाशी नेलं की निकाल. नाना वैतागत. "हिले दुपारबी लागत नही," म्हणत.

नाना स्वतः एका वेगळ्याच कामाला लागले. एक मोठा खिळा आणि एक दगड पिशवीत घालून ते शेताशेतांतून फिरत, आणि औषधाचा रिकामा डबा दिसला की त्याच्या बुडाला चार भोकं पाडत. लोक भांडायला धावत. चांगला डबा नासवला म्हणून एका शेतकऱ्यानं त्यांना बांधावरून ढकललंही. नाना धोतर झटकून उठले आणि त्याच्या घरी जाऊन पाण्याचा डबाही फोडून आले. दोन वर्षांत त्या गावातल्या पाणवठ्यावर औषधाचा एकही डबा दिसत नव्हता. त्यांना खिळेवाला नाना म्हणायला लागले ते तेव्हापासून, आणि त्यात टिंगल हळूहळू कमी होत गेली.

नव्वदनंतर माझं लग्न झालं आणि मी नाशिकला जायला निघाले. त्याच पावसाळ्यात नाना गेले, भटूच्या पत्रानं कळलं. नाशिकला निघण्यापूर्वी मी त्यांना भेटून आले होते, ती आमची शेवटची भेट. त्यांना धाप लागत होती. चार पावलं चालले की बसत. तरी मागच्या हंगामात त्यांनी हट्टानं एक हंडा एकट्यानं लावला होता. गवत स्वतः रचलं, लेप स्वतः दिला, भटूला जवळ येऊ दिलं नाही. त्या तेलाची बाटली त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, लग्नाची भेट म्हणून. ती त्यांनी मला अंगणात बाजेवर बसून दिली.

मी बूच काढलं. तेल करपलेलं होतं. फार नाही, पण करपलेलं. हंड्यातली ताटी एका बाजूनं खचली असणार, आणि धुराचा वास न येणाऱ्या माणसाला ते कळायची सोय नव्हती.

"कसं शे?" नानांनी विचारलं.

अक्का त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मान हलवली. चांगलं म्हण, असं ती मान सांगत होती. माझ्या जिभेवर 'झकास' आलंही होतं. म्हातारा माणूस, शेवटची बाटली, लग्नाची भेट. एका शब्दानं काय बिघडणार होतं? मी नानांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, सगळं काही त्या एका उत्तरावर ठेवल्यासारखे.

"करपलंय, नाना," मी म्हणाले. "थोडंसं. तळाशी."

अक्कांनी कपाळावर हात मारला. नाना मात्र हसायला लागले. खोकला आला, तरी हसत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"चार महिनापशी हाई माले झकास म्हनी ऱ्हायनी," ते अक्कांकडे बोट दाखवून म्हणाले. "माले शंका व्हतीच. आते बरं वाटनं. आते तू कोठेबी जाय, माले धाक नही."

मग त्यांनी बाटली माझ्याकडून परत मागितली. करपट तेल लेकीच्या हातात देत नसतात, म्हणाले, आणि मी नको नको म्हणत असताना ती बाजेखालच्या तापलेल्या मातीवर उपडी केली. क्षणात सगळं अंगण वासानं भरून गेलं. गोठ्यातल्या गाईनंसुद्धा मान वर केली.

"येस का?" नानांनी विचारलं.

"येतोय, नाना."

"कसा येस? सांग ना, माय."

"गुलाबाचा," मी म्हणाले. "आणि मागून थोडा करपट."

"हां," नाना म्हणाले, आणि वास मिळाल्यासारखे किती तरी वेळ समाधानानं मान हलवत बसले.